इतवारचं पानी

माह्या सासूनं नाला इकला म्हने!

असं बोलून राह्यले होते टोल्यात. तोंडावर नाई, पाठीमागं. तोंडावर बोलाची कोनाची छाती होती? मी मंगली हावो. माह्यासंग भांडन काढाचं म्हंजे आपला दिवस आपल्या हातानं नासवाचा, हे साऱ्याइले ठाव. पन मी पान्याले गेली की बायाइच्या गोष्टी बंद. पान्याचा गुंड डोक्यावर घेऊन एकएक जन चालू लागे. आन् माही सासू रुखमाबाई, जिनं या टोल्यातल्या अर्ध्या लेकराइच्या नाळा कापल्या, तिले पाहून लोक बाजूले थुकले. काय झालं ते मी सांगते. मंग तुमीच ठरवा कोनं काय इकलं.

आमचा टोला म्हंजे लहानशी वस्ती, कोरपन्याच्या पल्याड, डोंगराले लागून. समदे गोंड. वर जंगल, खाली कापूस, मधातून नाला. जंगलातून निघते तवा नाला असा साफ का तळातले गोटे दिसते. मंग वाटेत वाशरी लागते. वाशरी म्हंजे कोळसा धुवाचा कारखाना. खानीतला कोळसा तिथी धुतात, धुतलेलं काळं पानी मातीची पाळ घातलेल्या मोठ्या टाक्यात साठवतात, आन् टाकं भरलं का बुडाशी असलेलं चाक फिरवून नाल्यात सोडतात. इतवारी सोडतात, काऊन की इतवारी कोनी साहेब रस्त्यावर नसते. मंगळवारी पाह्याले या, वरून नाला निथळलेला, तळाले मातर गाळ बसलेला, लोन्यावानी चिकट. आमी त्याले इतवारचं पानी म्हनतो. त्या दिवशी कोनी ढोरं नाल्यावर सोडत नाई.

आन् ते चाक फिरवनारा मानूस माहा नवरा, पत्रू. लपवाचं काय त्यात? काठावरची आमची पट्टी त्या गाळानं अशी धरली का नांगर आत जाईना. चना टाकला, कोंब वर येईना. तवा वाशरीवाल्यानंच बोलावून काम देल्लं. निळा शर्ट, पिवळा टोप. ज्यानं वावर मारलं त्याच्याच दारात पगाराले उभं राहाचं. मले लय राग येये. पन त्या पगारानं घरात तेलमीठ येये, हेबी खरं. म्हनून मी गिळलं. किती दिवस गिळलं ते नका इचारू.

कार्तिकात कापूस फुटला. आमी सासू-सुना वेचाले होतो, कंबरेले ओटी बांधून. बोंडाच्या टोकानं नखाखालची कातडी फाटते, त्याच्यावर सासू थुका लावत होती. तवा बांधावर दिव्याताई येऊन उभी राह्यली. ऊर्जानगरची पोरगी, बाप तिकडं बिजलीघरात नोकरीले, आन् पोरगी चंद्रपूरच्या एका संस्थेत कामाले. पाठीवर थैला, हातात बर्फाचा डबा, घामानं लाल झालेली.

"मावशी, मी नाल्याचं पाणी तपासते," थे म्हने. "जंगलापासून नदीपर्यंत, जागोजागी. कुठं चांगलं, कुठं खराब, आणि कशानं खराब. त्यावरून पाणलोटाचं काम ठरणार. बांध कुठं घालायचा, झाडं कुठं लावायची, कुणाला काय बंद करायला लावायचं."

"कोनालेबी?" मी इचारलं.

"कुणालाही."

मले ते पोरगी तिथीच आवडली.

टोल्याखालच्या वळनावर तिले बाटली भराची होती. मी वाट दाखवाले गेली, सासू मागं मागं. मी म्हनून राह्यली होती, ताई, तिथी पाय नको टाकू. तिनं टाकला. गाळात मांडीपर्यंत गेली! मी एका हाताले, सासू दुसऱ्या हाताले, अशी ओढून काढली, तर पाय आला आन् बूट आतच राह्यला.

"आवो माय, नाल्याले आता पायताण पाह्यजे म्हने," सासू हासली. बाह्या वर करून तिनं खांद्यापर्यंत हात गाळात घातला आन् बूट काढून देल्ला. पोरगी रडकुंडीले आली होती, तेबी हासली. मी गठ्ठा उघडा टाकून आली होती, म्हनून वावराकडं निघाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, तिच्या साहेबाचा. जाता जाता मले एवढंच आयकू आलं, "आजी, तेवढी बाटली भरून द्या ना, मी आलेच."

मंग पंधरवडा गेला, आमी इसरलो.

आन् एक दिवस सरपंच लटारूभाऊ सांगत आला का आपल्या टोल्याचं पानी एकदम उत्तम निघालं. जंगलात चांगलं, टोल्याशी त्याहून चांगलं! आता आपल्या नाल्यावर गाळ अडवाचा बांध नाई, काईच नाई, गरजच नाई म्हने. वाशरीले दुसरी मशीन बसवाची होती, त्याच्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाह्यजे होता. वाशरीचा राजदीपसाहेब खुश. दुसऱ्या दिवशी फाटकावर एवढा मोठा फलक. त्याच्यावर माही सासू, हातात बाटली, तोंडभर हासू. खाली लिवलं होतं, आमचा नाला, निर्मळ नाला. फोटो दिव्याताईनं अहवालात लावाले काढला होता, तिथून यानं उचलला. रस्त्यानं जानारा-येनारा पाहे. थुकाची सुरुवात तिथून झाली.

मी तरातरा घरी आली. सासू अंगनात कापसातला कचरा काढत बसली होती.

"आत्याबाई, बाटली कुठून भरली होती?"

"झिऱ्यातून."

"झिऱ्यातून काऊन? तिले नाल्याचं पाह्यजे होतं ना!"

सासू माह्याकडं अशी पाहून राह्यली का मलेच अक्कल नाई. "पाव्हनी होती थे. आपल्या दारी आली, आपल्यापुढं भांडं केलं. पाव्हनीच्या भांड्यात मी गाळ भरू? माह्या सासूनं मले असं शिकवलं नाई."

आता हासाव का रडाव? झिरा म्हंजे काठावरच्या रेतीत हातानं खनलेला खड्डा. त्यात रेतीतून गाळून पानी येते, थेंब थेंब, थंडगार. टोला तेच पेते. आन् आमच्यात पाव्हना आला का आधी झिरा उपसतात, नवं पानी पाझरू देतात, मंग लोटा भरतात. त्यानं पानी पेल्याबिगर काऊन आला म्हनून इचारतबी नाई. म्हतारीनं तसंच केलं होतं. झिरा उपसला, वाट पाह्यली, बाटली भरली, पदरानं पुसली आन् पोरीच्या हाती देल्ली. फोनवर बोलता बोलता पोरीनं चिठ्ठी चिटकवली आन् बर्फात ठेवली.

"मंग माह्यामुळं झालं म्हन," सासू म्हने. तिचा हात थांबला. कापसाची बोंडं मांडीवर तशीच राह्यली. रात्री ते जेवली नाई. मले इतका राग आला, पन कोनावर करू? त्या म्हतारीवर करू? तिच्यावर करनाऱ्याची मी जीभ हासडीन.

फोन लावला दिव्याताईले. येऊन तर पाह्य म्हनलं, तुह्या बाटलीनं काय केलं.

थे गाडीवर आली. समदं आयकलं आन् ओट्यावर खालीच बसली. "आजी, चूक तुमची नाही. बाटली मीच भरायला पाहिजे होती. आमच्यात पहिला नियम तोच आहे." मंग उठली. "ग्रामसभेच्या आधी पुन्हा घेते. पण आज घेऊन उपयोग नाही, पाणी निवळलंय. ते सोडतात तेव्हाच घ्यायला पाहिजे, मी स्वतः पाण्यात उतरून. कधी सोडतील?"

आमी समद्याइनं पत्रूकडं पाह्यलं. थो भिंतीले टेकून भाकर खाऊन राह्यला होता.

"मले काय माईत?" थो म्हने. हात धुतले, टोप घातला आन् डूटीवर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची सुटी होती, वेचाले संगं आला. मी मुद्दाम त्याच्या बाजूची ओळ धरली.

"तुले माईत नाई?"

"नाई."

"चाक कोन फिरवते?"

"हळू बोल वो."

"हळू कायले? फाटकावर तुह्या मायचा फोटो हळू लावला का?"

त्यानं दोन झाडं वेचले. मंग म्हने, "मी नाई फिरवलं त दुसरा फिरवन. पानी त येनारच हाय. मंग पगार माह्याच घरी येऊ दे ना."

"दुसरा फिरवन त त्याची बायको पाहून घेईन त्याले. माहा नवरा फिरवते म्हनून मी बोलून राह्यली."

"काम गेल्यावर खाशीन काय? गाळ?"

"आता काय खाऊन राह्यलो? गाळच ना!"

त्याची ओटी फाटली. कापूस मातीत सांडला, आन् दोघं बी वाकून वेचाले लागलो. त्याच्या मानेवर कोळशाची काळी रेघ होती, किती घासली तरी निंगत नाई अशी. मले त्याची कीवबी आली आन् दोन देऊबी वाटल्या. 

सांजच्याले राजदीपसाहेब मोटरसायकलीवर घरी आला. मानूस दिसाले गोड. हातात पिशवी, पिशवीत जरीचं लुगडं.

"रुखमाबाई, ग्रामसभेत तुमचा सत्कार ठेवलाय," थो म्हने. "लुगडं नेसून या. आन् पत्रू, तुले सुपरवायझरच्या हाताखाली घेऊन राह्यलो. चाकबीक फिरवाचं काम पोट्ट्याइले देऊ. तू आता घरचा मानूस."

पत्रू उभाच होता, त्याले बस म्हनाचंबी सुचलं नाई. "हो साहेब," एवढं म्हने. स्वताच्या अंगनात, स्वताच्या मायपुढं, मान खाली घालून हो साहेब! माह्या पायाची आग मस्तकात गेली.

सासू उठली. तिनं पिशवी घेतली. मी म्हनलं, घेते का काय हे! तिनं ते लुगडं उलगडून पाह्यलं, पदर पाह्यला, काठ पाह्यला, जसं बाजारात पाहातात तसं. मंग घडी घातली आन् अंगनाबाहीर उभ्या असलेल्या मोटरसायकलीच्या गादीवर नेऊन ठेवलं.

"चांगलं हाय," थे म्हने. "तुह्या मायले दे."

राजदीपसाहेबाचं हासू तसंच राह्यलं, डोये मातर बदलले. जाता जाता पत्रूले म्हने, "त्या बाटलीवाल्या पोरीले घरात घेत जाऊ नका. आन् सभा होयेपर्यंत चाकाले हात लागला नाई पाह्यजे. आयकलं?"

"हो साहेब."

झालं! आता सोडनारच नाई म्हने. घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं. त्या इतवारी दिव्याताई दिवसभर काठावर बसून राह्यली आन् नाला असा साजरा वाहे, असा निथळ, का जसं त्याले कोनी कधी बोटच लावलं नाई. मले नाल्याचाच राग आला.

ताई बसल्या बसल्या समदं पाहे. उतारावर आमचे मानसं फवारनीचे पंप धुवाले आले. औषधाचा वास, पांढरा फेस, खाली वाहून गेला. ताईनं तिथलंबी एक बाटलीत घेतलं.

"हे कायले घेतलं?" मी इचारलं.

"हेही पाण्यातच जातंय ना, मावशी."

"अवो, वरून डोंगराएवढा कोळसा येऊन राह्यला, आन् तुले आमचा चुळभर पंप दिसला?"

"दोन्ही लिहीन," थे म्हने. "एक लिहून एक लपवलं तर माझं कोण खरं मानेल?"

मी तिच्यावर फुगून बसली. आमच्या घरची भाकर खाते आन् आमचंच लिवते! सासू मातर उतारावर गेली, पान्यात बोट घालून वास घेतला, आन् परत येऊन बसली.

सभेच्या आधीच्या आठवड्यात आभाळ आलं. कापूस झाडाले लटकलेला असताना पाऊस, म्हंजे पाह्य काय होते. आमी धावून धावून वेचलं. ओला कापूस जड, ओटी मांडीवर आपटे, बोटं सुजली. जे राह्यलं ते झाडावरच काळं पडलं. घरात पाय ठेवाले जागा नाई, खाटेवर कापूस, चुलीच्या बाजूले कापूस, आमी त्याच्यातच झोपलो. पाऊस शनिवारीबी काई हटला नाई.

पन त्या पावसानं एक केलं. वाशरीचं टाकं भरलं. पत्रू जेवता जेवता म्हने, "पाळ ओली झाली. फुटन." कोनाले सांगून राह्यला, मले का भिंतीले, काई कळे ना. मी समजली, आता चाक फिरवाच लागन, आन् ताईले फोन लावला. म्हनलं, उद्या ये.

इतवारी सकाळपासून आमी तिघी वळनावर बसलो, करंजीखाली, डोक्यावर मेनकापड घेऊन. सासूनं गाडग्यात आंबील आनली होती. पावसाचे थेंब कापडावर टपटप. ताईच्या बाटल्या ओळीनं तयार. माह्या मनात एकच, थो आज डूटीवर हाय. वरून, टाक्याच्या पाळीवरून, हे वळन साफ दिसते. आमचं पिवळं मेनकापड तर आंधळ्यालेबी दिसन. त्यानं साहेबाले एक शब्द सांगितला, का खाली बाया बसल्या हाये, तर चाक हलनार नाई. रात्री फिरवतील, पाळीले रेती लावतील, काईबी करतील. समदं त्याच्या तोंडावर होतं.

दुपार कलली. मी म्हनलं, सांगितलं त्यानं. मेला तो मानूस माह्यासाठी.

आन् वास आला. आधी वास, ओल्या राखेवानी, घशात जाऊन बसनारा. मंग फेस. मंग वळनाच्या तिकडून पानी काळं होत होत आलं, आवाज न करता. मुऱ्या मासोळ्या काठाकडं उड्या घ्याले लागल्या. दोन माह्या पायाशी येऊन पडल्या.

"आलं!" मी वरडली.

ताई बूट काढून उतरली. सासूनं आपला पदर सोडला, पोरीच्या कंबरेले गाठ मारली आन् तो पदर दोन्ही हातानं धरून काठावर पाय रोवून बसली. पोरगी मांडीपर्यंत गाळात, पन एकएक बाटली तिनंच बुडवली, तिनंच बूच लावलं, तिनंच चिठ्ठी चिटकवली. सासूनं या खेपेले बाटलीले बोट लावलं नाई. मी मोबाईलवर फोटो काढून राह्यली होती. मंग वाशरीच्या वर जंगलातलं पानी घेतलं, खाली उतारावरचं घेतलं, आन् डबा गाडीले बांधून पोरगी तशीच, काळ्या पायानं, चंद्रपूरले गेली.

पत्रू दिवेलागनीले आला. चिंब भिजलेला. मी त्याले कोरडं धोतर देल्लं.

"तुले दिसत होतो आमी?"

"वरून समदं दिसते."

"मंग साहेबाले सांगितलं काऊन नाई?"

त्यानं डोकं पुसलं. "त्यानं इचारलं नाई."

मी चुलीकडं तोंड केलं. मले रडू आलं होतं, आन् थे त्याले दाखवाचं नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीत भरली. इतके मानसं मी लग्नातबी पाह्यले नाई. लटारूभाऊ मधात खुर्चीवर, बाजूले राजदीपसाहेब. वाशरीतले आमच्या टोल्याचे गडी निळ्या शर्टात एका कोपऱ्यात, त्याइच्यात पत्रू. बाया आमच्यापासून हातभर दूर बसल्या.

दिव्याताईनं वाचलं. लांबन लावली नाई. जंगलातलं पानी चांगलं. वाशरीखालचं ढोरालेबी पाजाचं नाई असं, त्यात कोळसा, आन् पानी इतकं आंबट का मासोळी जगत नाई. मागची बाटली झिऱ्याची होती, ते चूक तिची, तिनं लेखी कळवली. आन् उतारावर फवारनीचं जहर सापडलं.

राजदीपसाहेब त्याच शब्दावर उभा झाला. "आयकलं? जहर! थे कोळशात नसते. पंप कोन धुते नाल्यात? आमी धुतो का? आपलं पाप आपन कराचं आन् बोट कारखान्याकडं दाखवाचं." थो हासला. "चोराच्या उलट्या बोंबा!"

मानसं खाली पाह्याले लागले, काऊन की प्रत्येकाच्या घरी पंप होता. मी दिव्याताईकडं पाह्यलं. मनात म्हनलं, घे आता, दोन्ही लिव.

तवा माही सासू उठली. हात टेकून, हळू हळू.

"खरं हाय," थे म्हने. "पंप आमी धुतो. माह्या घरचाबी धुतो. मी वास घेऊन पाह्यला, जहरच हाय थे." मंग लोकाइकडं वळली. "उद्यापासून नाल्यात पंप बंद. वावराच्या कोपऱ्यात खड्डा कराचा, तिथी धुवाचा. पह्यला खड्डा माह्या वावरात. कोनाले जमत नसन त आत्ता बोला."

मागून एक बाई म्हने, "आमीबी करतो, रुखमाबाई." दुसरी म्हने, आमीबी. मंग मानसंबी माना हालवाले लागले. इतके दिवस हिलेच पाहून थुकले होते ना!

सासू साहेबाकडं वळली. "आमचं आमी सांगितलं. आता तुमचं बोला."

"आमचं काय?"

"इतवारचं पानी."

राजदीपसाहेबानं हात जोडले, गोड आवाज काढला. "आजी, तुमी म्हाताऱ्या हा. कोनीतरी तुमाले भरवून राह्यलं. आमच्या प्लांटमधून एक थेंब बाहीर जात नाई. टाक्याले वाटच नाई. पाइप नाई, चाक नाई, काई नाई. पावसानं डोंगराची माती वाहून आली असन. आता ठराव घ्या, लटारूभाऊ, येळ होऊन राह्यला."

लटारूभाऊनं घसा साफ केला. मी उठाले लागली. माह्या तोंडात अशा अशा शिव्या जमा झाल्या होत्या का शाळेच्या भिंती पडल्या असत्या. पन माह्याआधी कोपऱ्यात कोनीतरी उभं झालं.

पत्रू होता. टोप त्यानं काढून बगलेत धरला होता. सभेत थो आजपर्यंत कधी बोलला नव्हता, त्याले बोलाची जागाबी माईत नव्हती, म्हनून भिंतीशीच उभा राहून बोलला.

"साहेब, चाक नाई?"

"पत्रू, बस खाली."

"नाई, मले सांगा. चाक नाई म्हनता. मंग दर इतवारी मी काय फिरवतो?"

राजदीपसाहेबानं ठरावाचा कागद लटारूभाऊपुढं सरकवला.

"मीच फिरवतो," पत्रू म्हने. त्याचा आवाज फाटला, पन थो थांबला नाई. "तुमी सांगता, मी फिरवतो. मागल्या इतवारी फिरवलं. माह्या वावरात जो गाळ हाय थो माह्याच हातानं गेला. माह्या मायनं पंपाचं कबूल केलं. मी चाकाचं करतो."

निळ्या शर्टातल्या गड्याइनं एकमेकाइकडं पाह्यलं. एक उठला. मंग दुसराबी उठून त्याच्या बाजूले उभा राह्यला. राजदीपसाहेबाच्या तोंडावरचं हासू आता कुठी गेलं ते त्यालेच ठाव. त्यानं बोट पत्रूच्या छातीकडं केलं.

"उद्यापासून डूटीवर येऊ नको तू!"

पत्रूनं टोप साहेबापुढच्या टेबलावर ठेवला.

"उद्या कायले साहेब? आत्ताच येतो. समद्याइले चाक दाखवाले घेऊन येतो."